गहू निसताना बोटात काय येतं

गहू निवडताना बोटांच्या चिमटीत खडा येतो, गहू येत नाही, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना मी त्यावर भर मंडळीत पाऊण तास उपदेश केला.

मी काही पाळक नाही. अमरावतीला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. पण आमच्या ख्रिस्ती मंडळ्या लहान, पाळक थोडे. कुठले पाळकसाहेब गावाला गेले किंवा आजारी पडले की माझ्यासारख्या बोलक्या माणसाला बोलावणं येतं. अकोल्याच्या एका छोट्या मंडळीत मी असा अधूनमधून जायचो. सकाळची एसटी, मूर्तिजापूरला चहा, आणि वाटभर पुटपुटत उपदेशाची उजळणी. शेजारच्या सीटवरचा माणूस हळूच जागा बदलायचा.

त्या रविवारचा विषय होता देवाचे निवडलेले लोक. तो विषय सुचला मावशीमुळे.

मावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण. दोघी अकोल्याच्या एकाच दवाखान्यात नर्स होत्या. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी मात्र ऐंशी ओलांडूनही ताठ होती, पांढऱ्या साडीत, केस चापूनचोपून बसवलेले, नखं कापलेली. मावशी यहुदी. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीमुळे कोकणातून इकडे आले आणि ती जन्मली अकोल्यात, त्यामुळे बोलणं अस्सल वऱ्हाडी. भावंडं एकेक करून इस्रायलला गेली, ही राहिली. लग्न केलं नाही. अख्ख्या शहरात तिच्या लोकांपैकी आता दुसरं कोणी नव्हतं. तिच्या दाराच्या चौकटीला एक छोटी नळी तिरकी ठोकलेली होती, तिच्यात त्यांच्या शास्त्रातली वचनं. गल्लीतले लोक तिला तावीज समजायचे. सगळे 'सिस्टर' म्हणतात म्हणून दवाखान्यातले लोक मावशीला ख्रिस्ती समजत, आणि दर शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावते म्हणून पोस्टमन तिला हिंदू समजे. ती कोणालाच दुरुस्त करत नसे.

मी मात्र सगळ्यांना दुरुस्त करायचो. लोक जसे आमदार आपल्या ओळखीचा आहे म्हणून सांगतात, तसं मी सांगायचो की देवाच्या निवडलेल्या लोकांपैकी एक बाई मला पोट्ट्या म्हणते.

तर त्या रविवारी मी तिला आग्रह करकरून बोलावलं. ती नको म्हणत होती. शेवटी शेजारच्या भाभींना बरोबर घेऊन आली. भाभी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, शिलाईकाम करणाऱ्या मुसलमान बाई. चाळीस वर्षांचा शेजार, मटण कोणाकडून आणायचं ते डॉक्टर कोणता गाठायचा इथपर्यंत सगळं दोघींचं एकत्र. मी दोघींना पहिल्या बाकावर बसवलं आणि मंडळीला सांगितलं की आज आपल्यामध्ये कोण बसलं आहे बघा. मावशीला उभं राहायला लावलं. रेशनच्या रांगेत नाव पुकारल्यावर माणूस उठतो तशी ती अर्धवट उठली आणि लगेच बसली.

मग मी सूप काढलं. खरंखुरं सूप, मंडळीच्या चौकीदाराच्या घरून मागून आणलेलं, त्यात ओंजळभर गहू. दोन बोटांत एक दाणा धरून उंच केला. म्हणालो, हजारो दाण्यांतून देवानं हा एक उचलला. थांबलो. परिणाम साधण्यासाठी कुठे थांबायचं हे मला चांगलं कळतं. मग म्हणालो, पण ह्या दाण्याला गर्व झाला. आणि तो दाणा सुपात टाकून दिला. दुसरा उचलला, म्हणालो, म्हणून देवानं तुम्हाआम्हाला निवडलं. मागच्या बाकांवर बायकांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, पाझर फुटला. मी आवाज चढवला.

उपासना संपल्यावर ओट्यावर चहा होता. मावशी बाकावर बसून बिस्किट बुडवत होती.

"पोट्ट्या, तू कधी गहू निसला का रे?"

आमच्याकडे घरात धान्य निसतात. निवडणं हा शब्द पुस्तकात राहतो. मी म्हणालो, निसला नाही, पण कल्पना आहे.

"निसतानी बोटात काय येते?"

"गहू."

भाभी तोंड फिरवून खोकल्या.

"खडा येते, बावा. खडा, ढेकूळ, किडका दाणा. गहू सुपातच राह्यते. त्याले कोणी हातबी लावत नाई."

मी मास्तर आहे, सहजी हरत नाही. विचारलं, मग निवडलेला गहू म्हणतात तो कोणता? ती म्हणाली, मागं राहिला तो. आणि मग बिस्किटाचा पडलेला तुकडा बशीतून काढत म्हणाली, "निसून झाला म्हणजे त्याची चक्कीची पाळी आली. दळणाले जाते तो. त्यात गर्व कायचा करशीन?"

एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. जखमेवरची पट्टी सोडतानाचा आवाज होता तो.

परतीच्या एसटीत मी गप्प होतो, म्हणून शेजारचा माणूस अमरावतीपर्यंत शेजारीच बसून राहिला. आम्हाला लहानपणापासून असंच शिकवलेलं: देवानं आधी त्यांना निवडलं, ते ताठले, मग मान आमच्याकडे आला. आमचं काय झालं, आम्ही ताठलो की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. निवडून येणं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नगरसेवक यायचा, जीपमध्ये उभा, अंगावर गुलाल. देवानं निवडलेलाही मी तसाच धरून चाललो होतो, फक्त जीप नाही. निवडलेल्याचं पीठ होतं आणि ते दुसऱ्याच्या ताटात जातं, हे शास्त्रात पानोपानी लिहिलेलं असून माझ्या वाचनात आलं नव्हतं. आमचा प्रभू त्यांच्यातलाच. त्याचंही शेवटी काय झालं, हे मी दर गुड फ्रायडेला रडवेल्या आवाजात सांगतो, आणि तरी कळलं नव्हतं.

पुढची गोष्ट मला मावशीनं कधी सांगितली नाही, भाभींनी सांगितली. मी एकदा मोर्शीची संत्री घेऊन गेलो होतो. मावशी आत पडली होती, तिचा दम लागणं तेव्हाच सुरू झालं होतं. भाभी मशीनवर बसून एक झंपर उसवत होत्या. मी सहज म्हणालो की मावशी तेव्हाच भावाकडे गेली असती तर आज आपल्या लोकांत असती. भाभी म्हणाल्या, कागद दोनदा भरले होते तिनं. पहिल्यांदा वडील आजारी पडले. दुसऱ्यांदा जळालेल्यांच्या वॉर्डात कोणी टिकेना, मेट्रननं दोन महिने थांब म्हटलं. त्या दोन महिन्यांत तिची सगळी नोकरी संपली. मग त्यांनी मशीन थांबवलं आणि मला विचारलं:

"मास्तर, तुमची अम्मी दर संडेले चर्चले जात होती ना?"

म्हटलं, हो. एकही रविवार चुकला नाही.

"दवाखाना का संडेले बंद राहत होता? तिच्या जाग्यावर कोन उभं राहत होतं?"

मावशीला शनिवार पाळायचा असे, तो त्यांचा विसाव्याचा दिवस. शनिवार मिळावा म्हणून तिनं बाकीचं सगळं देऊन टाकलं होतं: रविवार, दिवाळी, ईद, नाताळ, एक जानेवारी. ज्याचा सण त्यानं जायचं, सिस्टर उभी आहे. माझ्या आईचे सगळे रविवार तिच्याकडून आलेले. उपदेश चालू असताना आईचा हात माझ्या केसांत असायचा, मी पेंगलो की ती हळूच केस ओढायची. देवळातली माझी पहिली आठवण हीच. नर्सांना रविवारी सुट्टीच असते असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. आणि ज्या बाईनं तिकडे जळालेल्यांच्या पट्ट्या बदलत उभं राहून मला तो हात मिळवून दिला, तिला पहिल्या बाकावर बसवून मी सांगितलं होतं की तुम्हा लोकांना गर्व झाला.

मी आत गेलो. काहीतरी म्हणायचं होतं. टीव्ही चालू होता, इस्रायलच्या युद्धाची बातमी लागली होती, धूर, माती, धावणारी माणसं. मागून भाभी आल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला. मावशी उठून बसली आणि भाभींसाठी संत्रं सोलायला लागली. त्या युद्धाबद्दल माझ्याजवळ पुष्कळ मतं होती, त्या दिवसांत भविष्यवाण्यांचे व्हिडिओ मी रोज सगळ्यांना पाठवत होतो, मावशीलासुद्धा. मी तोंड उघडलं. मावशीनं त्यात एक फोड घातली.

मग ती खालावत गेली. हृदय थकलं आहे असं डॉक्टर म्हणाले. तिला ते आधीच माहीत होतं, आपली नाडी ती आपणच मोजायची. एका दुपारी मला जवळ बसवून म्हणाली, तीन गोष्टी सांगतो, ध्यानात ठेव. मावशी स्वतःबद्दल कधीकधी पुरुषासारखं बोलायची, रेल्वेच्या चाळीत भावांमध्ये वाढलेली.

"मले बाबाच्या बाजूले ठेवजो. क्रूस नको लावजो. अन तू बोलू नको."

तिचे वडील आमच्याच कब्रस्तानात आहेत. त्या काळी यहुद्यांसाठी इथे जागा नव्हती, आजही नाही. तेव्हाच्या पाळकांनी कोपऱ्यातली, कडुलिंबाखालची जागा दिली. दगडावरची हिब्रू अक्षरं वाचता येणारी शहरात ती एकटीच उरली होती. तिच्या लोकांत प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते इथे जमतील ही आशा तिनं केव्हाच सोडून दिली होती. दहाजण नसले तर नसले, बाप शेजारी असावा. बाकी काही तिनं मागितलं नाही. त्यासाठी मंडळीच्या कमिटीची परवानगी लागणार होती. "अर्ज तू लिहिजो," ती म्हणाली, "तुह्यं अक्षर चांगलं हाय."

इथे कोणीही शहाण्या माणसानं दोन ओळी लिहिल्या असत्या. पण ज्यानं उभ्या आयुष्यात मुलांना निबंध शिकवला त्याला दोन ओळी लिहिता येत नाहीत. मी अडीच पानं लिहिली. त्यात एक वाक्य असं होतं की सदर भगिनी देवाच्या निवडलेल्या प्रजेपैकी असून त्यांच्या मनाला वर्षानुवर्षे आपल्या मंडळीची ओढ आहे व त्या उपासनेस उपस्थित राहतात. उपस्थित ती एकदाच राहिली होती, मी ओढून नेलं म्हणून. म्हणजे ओढ होती ती माझी. पण वाक्य मला आवडलं. एसटीत दोनदा वाचलं.

आठवड्यानं पाळकसाहेबांचा निरोप आला की आम्ही सिस्टरांना भेटायला येत आहोत. मी मुद्दाम अमरावतीहून गेलो. परवानगीचं पत्र आणत असणार म्हणून खुर्च्या पुसून ठेवल्या. पाळकसाहेब नवीन, वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे, भला माणूस. बरोबर कमिटीचे दोघं. एकाच्या हातात गीतांचं पुस्तक, दुसऱ्याच्या हातात झाकण घातलेली पितळेची वाटी. झाकण काढेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पाळकसाहेब पलंगाजवळच्या स्टुलावर बसले आणि फार मायेनं म्हणाले की सिस्टर, तुमच्या मनातली ओढ आम्हाला समजली, तुमची इच्छा असेल तर आजच बाप्तिस्मा देतो.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या हातानं टाके उसवून घेतलेल्या पेशंटकडे नर्स पाहते तसं. मग पाळकसाहेबांना विचारलं, पाणी उकळलेलं आहे का? ते गोंधळून म्हणाले, घरच्या फिल्टरचं आहे. "मंग ठेवा तिथं," ती म्हणाली, "भाभी त्याचा चहा मांडते."

कोणी हसलं नाही. तिला दम लागला होता, तो खाली बसेपर्यंत सगळे थांबले. मग ती म्हणाली:

"पाळकसाहेब, मी त्याचीच हाय. त्यानं मले कई सोडलं नाई, मी त्याले नाई सोडलं. आता या वयात काहून भिजवता?"

पाळकसाहेबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यांनी विचारलं, निदान प्रार्थना केली तर चालेल का? ती म्हणाली, चालते की, स्तोत्र म्हणा एखादं, ते आमचंच हाय. त्यांनी मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं. मावशीचे ओठ हलत होते, कोणत्या भाषेत ते कळलं नाही. चहा सगळ्यांनी घेतला.

बाहेर स्कूटरला किल्ली लावताना पाळकसाहेब मला म्हणाले की जुन्या रजिस्टरात तिच्या वडिलांची नोंद आहे. वडिलांशेजारी जागा पाहिजे एवढं एक वाक्य मी लिहिलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी सही केली असती. पण आता माझी अडीच पानं कमिटीपुढे वाचून झाली होती, लोकांच्या आशा वाढल्या होत्या, दोघांनी तर बाप्तिस्म्यासाठी फुलांचंही बघून ठेवलं होतं. आता बाप्तिस्म्याशिवाय जागा द्यायची का, ते बैठकीतच ठरणार. मी तिथेच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून एका ओळीचा अर्ज लिहिला. आयुष्यात लिहिलेलं माझं सगळ्यात चांगलं वाक्य. पुढच्या रविवारी बैठक होती. एका लग्नामुळे माणसं पुरेशी जमली नाहीत. बैठक एक आठवडा पुढे गेली.

मावशी त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी गेली.

भाभींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच ठेवून एसटी गाठली. मूर्तिजापूरच्या अलीकडे मावशीच्या एका चुलत भाच्याचा ठाण्याहून फोन आला; तिकडे तिच्या लोकांची वस्ती अजून आहे, आणि भाभींनी त्यालाही कळवलं होतं. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं शांतपणे विचारलं, काका, तिकडे जागा झाली का? मी म्हणालो, रविवारी कमिटी आहे. त्यानं मागे कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "आमच्यात मयत थांबवत नाहीत, काका. इथे दहा माणसं आहेत. पाठवून द्या."

मी पोहोचलो तेव्हा मावशीला ठाण्याला न्यायला आणलेल्या गाडीचं मागचं दार उघडं होतं. पाळकसाहेब फोनवर कमिटीच्या एकेकाला विचारत गल्लीत येरझारा घालत होते. दोघं हो म्हणाले, बाकीचे रविवारी बघू म्हणाले. भाभींचा थोरला मुलगा ड्रायव्हरशेजारी बसला. भाभींनी मावशीच्या पायांवरची चादर सारखी केली, तिला आवडायची तशी, कोपरे आत दुमडून, दवाखान्याच्या पलंगासारखी. मला पुढे होऊन काहीतरी म्हणायचं होतं. तिनं सांगितलेल्या तीन गोष्टी. बापाची जागा माझ्यामुळे गेली. क्रूस लागला नाही, पण त्यात माझं काही श्रेय नाही. तिसरी माझ्या हातात होती. मी बोललो नाही. दार लागलं आणि गाडी बाळापूरच्या रस्त्याला लागली.

ठाण्याला दहा माणसं होती, त्यांच्या भाषेतली प्रार्थना झाली, सगळं रीतीनं झालं असं भाभींच्या मुलानं नंतर सांगितलं. जे तिनं मागायचं सोडून दिलं होतं ते तिला मिळालं, आणि जे मागितलं होतं ते लिंबाखाली तसंच मोकळं आहे. रविवारी कमिटीनं एकमतानं परवानगी दिली. पत्र माझ्याजवळ आहे.

त्या रविवारी बैठकीनंतर मी भाभींकडे गेलो. त्या मावशीच्या खोलीत खाली बसल्या होत्या, पुढे मावशीचं सूप, आणि डब्यातला उरलेला गहू एका परातीत काढलेला. म्हणाल्या, तिनं पुढच्या आठवड्याच्या दळणासाठी काढून ठेवला होता. निसून दळून आणते आणि पोळ्या करून गल्लीत वाटते, तिचं अन्न कशाला पडू द्यायचं. दाराच्या चौकटीवरची नळी तशीच होती. मला पाणी आणून देताना आत येता येता भाभींनी तिला बोटं लावून कपाळाला लावली. मावशी तसं करायची, ते पाहून पाहून.

मी चवड्यांवर बसलो, गुडघे कुरकुरले, आणि परात आपल्याकडे ओढली. बराच वेळ आम्ही दोघं निसत होतो. बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती. चिमटीत धरायचं, बाजूला टाकायचं. काम सोपं होतं आणि मला वाटलं, हे एक तरी मला जमलं. डोळ्यांपुढे सगळं जरा पुसट होतं, पण मी हात थांबवला नाही.

भाभींनी माझ्या बाजूच्या ढिगाकडे पाहिलं, मग परातीकडे, आणि परात माझ्यापुढून काढून घेतली.

"मास्तर, चष्मा लावा. गहू फेकून खडे ठेवून राह्यले तुमी."